लाल बाजूची बाई

३ मार्च, मंगळवार

आजपासून मी शत्रू! सरकारने तसं लेखी कळवलंय.

देशाचं सुरक्षा धोरण नव्याने लिहायचं आहे. त्याआधी दोन आठवडे टेबलावर लढाई खेळायची – आपण निळे, समुद्रापलीकडचे लाल. दर वेळी लाल बाजू खेळणारे कर्नल आजारी पडले आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. तेहतीस वर्षं बंदरात कुठलं जहाज कधी, कुठल्या धक्क्याला लावायचं ते मी ठरवलं, एवढीच माझी लष्करी पात्रता. निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "तुझ्याशी लढायचं? बिचारे!"

समितीच्या सचिवांनी फोनवर एकच सूचना दिली. "बाई, आमचा प्रत्येक कागद त्यांच्या डोळ्यांनी वाचायचा. एवढंच तुमचं काम." म्हटलं, जमेल.

४ मार्च, बुधवार

खोलीला खिडकी नाही. लांबलचक टेबल, त्यावर समुद्राचा नकाशा, लाकडी जहाजं. निळ्या बाजूला एक जनरल – मिशा अशा की मी मनात त्यांना मिशीच म्हणते. त्यांनी विचारलं, "यातली पाणबुडी कुठली ते कळतं ना तुम्हाला?" म्हटलं, "काळी ती." सगळे हसले. हसू देत!

एक नियम मात्र खटकला. लढाईच्या पाचव्या दिवशी निळ्यांनी एक पत्ता टाकायचा – मोठ्या मित्रदेशाचं आरमार मदतीला येतं. येतंच! मी विचारलं, "आणि नाही आलं तर?" उत्तरेकडे मित्राच्या दोन शेजाऱ्यांचं युद्ध वर्षभर पेटलंय. मित्राला आता स्वतःचंच घर सांभाळायचंय, त्याची जहाजं एकेक करून इथून निघतायत. रोज पेपरात येतं. सचिव म्हणाले, "ते गृहीत धरलंय, बाई."

६ मार्च, शुक्रवार

हरले. कर्नलसाहेबांच्या जुन्या टिपणांप्रमाणे पहाटे हल्ला चढवला. दुपारपर्यंत माझी सगळी जहाजं खोक्यात. मिशीने माझ्यासाठी चहा मागवला – कीव येऊन! यापुढे टिपणं गेली खड्ड्यात.

८ मार्च, रविवार

लेक जेवायला आली होती. ती बंदरात पायलट आहे. छोट्या होडीतून बाहेर जायचं, दोराच्या शिडीने परक्या जहाजावर चढायचं आणि गाळातल्या अरुंद वाटेने त्याला आत आणायचं. लहानपणी झोपाळ्यावर बसायला घाबरायची, हीच ती! तिला विचारलं, "जहाज आत यायचं थांबवायचं असेल तर काय करशील?"

घास चावता चावता म्हणाली, "वाटेत सुरुंग आहे असं कुणी नुसतं बोललं तरी बास. एक कप्तान आत येणार नाही."

अगं माझे बाई! हे मला का नाही सुचलं?

१० मार्च, मंगळवार

काय दिवस होता! लिहिताना हसू आवरत नाही.

मी एकही लढाऊ जहाज हलवलं नाही. रेडिओवर एक निनावी वाक्य सोडलं – बंदराच्या वाटेत सुरुंग दिसला. पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि जाहीर केलं, व्यापारी जहाजं बाहेरच नांगर टाकून थांबली. मिशी म्हणाले, "अफवा आहे ही! वाट मोकळी आहे हे दाखवा त्यांना." आणि त्यांनी एक होडी पाठवली.

मी त्या होडीचीच वाट बघत होते. सुरुंग एकच पेरला होता, पहिल्या होडीसाठी. पंचांनी ती उचलून खोक्यात टाकली. मिशीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! त्यानंतर कोण येतंय आत?

खेळातल्या पाचव्या दिवशी त्यांनी तो पत्ता टाकला. म्हटलं, येऊ दे की मित्राला. लढणार कुणाशी? मी तर कुठेच नाही! मग नुसती बसून राहिले. बंदराच्या टाक्यांत किती तेल मावतं ते मला तोंडपाठ – भरणारी जहाजं मीच तर लावत होते. एकोणिसाव्या दिवशी वीजघर बंद. देश अंधारात. निळे हरले.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पण आपणच ना ते निळे?" हो, पण तरीही!

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा खेळले. पुन्हा जिंकले.

१७ मार्च, मंगळवार

मिशीने आज सगळ्यांदेखत तो मित्राचा पत्ता फाडला. दोन तुकडे, चार तुकडे. म्हणाले, "बाईंनी चार दिवसांत नाकी नऊ आणले. मित्र येईल तेव्हा येईल. धोरण तो येणार नाही असं धरून लिहा." आणि मग माझ्यासाठी चहा – या वेळी स्वतः आणून दिला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

२ एप्रिल, गुरुवार

बंदरावर वेगळं प्रकरण होणार! मसुद्यात सचिवांनी लिहिलं होतं – "साठा मर्यादित कालावधीपुरताच आहे." मी अडून बसले.

"मर्यादित म्हणजे किती? एकोणीस दिवस. तसं लिहा. आणि आत यायला एकच वाट आहे, तेही लिहा."

"आकडा फार बोचतो, बाई."

"बोचायलाच हवा! नाहीतर टाक्या कोण बांधणार? मर्यादित कालावधी वाचून कुणाची झोप उडालीय कधी?"

मिशीने टेबलावर थाप मारली. "बाई म्हणतात ते लिहा." लिहिलं!

१३ एप्रिल, सोमवार

छपाईआधीची प्रत तपासायला आली. एकशे बारा पानं. चष्मा शोधायचाही धीर नव्हता, ह्यांचाच लावला. पान सत्तेचाळीस. आहे! एकोणीस दिवस, ठळक अक्षरांत. तीनदा वाचलं, ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि सही करून प्रत परत केली.

२० एप्रिल, सोमवार

संसदेत पंतप्रधानांनी पान सत्तेचाळीस वाचून दाखवलं. "एकोणीस दिवस!" मग घोषणा. नव्वद दिवसांचं तेल मावेल इतक्या टाक्या. बंदराला दुसरी वाट. सगळं दोन वर्षांत. विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली!

धोरण सहा भाषांत छापलंय, पलीकडच्यांच्या भाषेतसुद्धा. सचिव म्हणाले, "आपण जागे आहोत हे त्यांनाही कळू दे." बरोबरच आहे.

लेकीचा फोन. "आई, धक्क्यावर सगळे तुझं नाव घेतायत." इतकी वर्षं माझी वेळापत्रकं कुणी भिंतीवरसुद्धा नीट चिकटवली नाहीत. आज अख्खा देश माझा आकडा पाठ करतोय. मी खूश आहे. खूप खूश आहे.

९ मे, शनिवार

मित्राचं शेवटचं जहाज आज गेलं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी. तीन महिन्यांपूर्वी सगळ्यांचे हातपाय गळाले असते. आता कुणी घाबरलं नाही – धोरण आहे ना!

सोमवारी माझ्या जुन्या ऑफिसात सत्कार. लेकीला यायला जमणार नाही, दुपारची पाळी आहे.

११ मे, सोमवार

सत्काराहून साडेचारला घरी आले. ह्यांनी दारातच सांगितलं, लेकीचा फोन येऊन गेला. बाहेर चार जहाजं नांगर टाकून उभी आहेत. वाटेत सुरुंग आहे असं रेडिओवर कुणीतरी बोललं म्हणे. कोण, ते कळत नाही. "कुणीतरी जाऊन दाखवायला हवं ना, बाबा. पहिली होडी माझी," असं म्हणाली. ह्यांनी तिला शाबासकी दिली. आईचीच लेक, म्हणाले.

तिचा फोन लागत नाही. बंदरावर लावला – तिला रेडिओवरून मागे बोलवा, आत्ताच्या आत्ता. पाळीवरचा माणूस म्हणाला, थांबा, बघतो. थांबलेय. फोन कानाला लावूनच लिहितेय. समोर पान सत्तेचाळीस उघडं आहे. आज पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांनी वाचलं – एकच वाट, एकोणीस दिवसांचं तेल. तेवढंच तर माझं काम होतं.

अजून थांबलेय.