सहा वर्षांचे शिंपले

३ मार्च
तीन वर्षांपूर्वी शिंपले एकाएकी इतके पातळ का झाले? मार्गदर्शक सरांनी विचारलं. शोधायला हवं!

आलेख मात्र देखणा आलाय. सगळा बाबांच्या बरण्यांवर — सहा वर्षं, दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला, खाडीच्या त्याच चिखलातून वीस शिंपले. होड्या दुरुस्त करणारा माणूस, पण एक महिना चुकला नाही. पाणी आम्लाकडे झुकलं की शिंपल्याला कवच धरणं जड जातं, असं समजावलं तर म्हणाले होते, "म्हणजे समुद्राला पित्त झालंय म्हण की!"

५ मार्च
नियतकालिकाने शोधनिबंध स्वीकारला! माझ्या नावाशेजारी बाबांचं नाव. सर म्हणाले, "हक्कच आहे त्यांचा." बाबांना जाऊन चार महिने झाले. आजवर त्यांचं नाव छापलं गेलं ते फक्त विजेच्या बिलावर — तेही चुकीचं.

६ मार्च
आईला फोन केला. ऐकून रडलीच.

९ मार्च
घरी आले. आईने फळीवरून बाबांची शेवटची बरणी काढून दिली. "ही धुवायची राहिलीच बघ."

"धुवायची म्हणजे?"

"अगं, ॲसिडच्या पाण्यात. फरशीला वापरतो ना, ते. आधी नुसतेच विसळायचे. तू पदवीधर झालीस आणि ऐकेनात — लेक साहेबीण झाली, तिच्या टेबलावर चिखल कसा पाठवायचा? कसे चकचकीत निघायचे!"

किती ॲसिड? किती वेळ?

"अंदाजाने गं. हात बसला होता त्यांचा."

पदवीला तीन वर्षं झाली. मी आम्ल समुद्रात शोधत होते. ते आमच्या न्हाणीघरातल्या बादलीत होतं.

१० मार्च
परत येऊन प्रयोगशाळेत ते न धुतलेले वीस मोजले. सहा वर्षांपूर्वी होते तेवढेच जाड. निदान आमची खाडी तरी धड आहे. आनंद व्हायला हवा होता.

११ मार्च
आईला फोनवर सगळं सांगितलं. मग — "तुम्ही शिकलेली माणसं. काढ की काही वाट. नाव तेवढं राहू दे त्यांचं."

१२ मार्च
निबंध मागे घ्यायचा अर्ज उघडला, भरला नाही.

१३ मार्च
सकाळी निबंध मागे घेतला. कारणाचा रकाना होता. लिहिलं — चूक माझी. शिंपले धुवायचे नसतात, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.