विश्वासातली व्यक्ती

३ ऑगस्ट
ऑफिसातल्या हिशेबनिसाच्या क्रेडिट कार्डावर कुणीतरी परस्पर ट्रेडमिल घेतली. हा माणूस जिना चढताना धापा टाकतो, आणि बँक म्हणे चौकशी करतेय. हसून पोट दुखलं. मग हळूच स्वतःचं पाकीट चाचपलं. संकल्प: आपलं कार्ड अभेद्य करायचं.

४ ऑगस्ट
बँकेचं अ‍ॅप घेतलं. कार्ड कायम बंद, खरेदीपुरतं चालू. चेहरा दाखवल्याशिवाय अ‍ॅप उघडत नाही. सकाळी दाढी न करता दाखवला, तर ओळख दिली नाही. हुशार आहे. चोर हात हलवत परत जाईल.
शेवटी एक रकाना: 'विश्वासातली व्यक्ती'. गडबड झाली तर बँक तिला कळवते. बराच वेळ बसून राहिलो. ताईला सांगावं तर सगळ्या गावाला कळतं. शेवटी चिमणीचा, म्हणजे मुलीचा, नंबर टाकला. घर सोडून गेल्यापासून ती बोलत नाही. मीही नाही. फोन आधी तिने करायचा. हा हट्ट नव्हे, तत्त्व आहे.

८ ऑगस्ट
प्रत्येक खरेदीचा मेसेज सुरू केला. फोन वाजला की बरं वाटतं. आज एक साबण घेतला. घरी आलो, परत जाऊन दुसरा घेतला. एकटेपणा वगैरे नाही, सिस्टीम तपासत होतो.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
अनोळखी नंबर. बाबा, मी चिमणी, नंबर बदललाय, रविवारी घरी येऊ का, असं म्हणाली. हल्ली चोर पोरीबाळींचे आवाजसुद्धा कॉम्प्युटरवर बनवतात. आवाज रडवेला होता. आमची चिमणी रडत नाही. तिथेच चोर फसला. खात्याचा नंबर मिळणार नाही, असं बजावलं (मागितला नव्हता, पण मी एक पाऊल पुढे असतो) आणि ब्लॉक केलं.
सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

१६ ऑगस्ट, रविवार
ताई आली. पोरगी इतक्या वर्षांनी फोन करते आणि तू तिला खात्याचं सांगतोस, अक्कल गहाण टाकलीस का, म्हणाली. मी सुरक्षेचे नियम समजावले. ती चहा न घेताच गेली.

१७ ऑगस्ट
बँकेचा मेसेज: विश्वासातल्या व्यक्तीचा नंबर बंद आहे, नवा द्या. चिमणीचा नवा नंबर ब्लॉकमधून काढून भरला. अ‍ॅप म्हणालं, त्या नंबरवर कोड गेलाय, विचारून टाका. म्हणजे फोन करणं आलं. माफी वगैरे नाही, फक्त कोड. तत्त्वाला धक्का नाही, काम बँकेचं.
तिने लगेच उचलला. मी कोड विचारला. मी आणखी काही बोलेन म्हणून ती थांबली असावी. बोलायचं होतं मला. पण पुन्हा कोडच विचारला. अनोळखी माणसाला कोड सांगायचा नसतो, म्हणाली. तिने फोन ठेवून दिला.
बरोबर आहे तिचं. रकाना रिकामा आहे. कार्ड सुरक्षित आहे.
दुकान अजून उघडं असेल. एक साबण घेऊन येतो.