भिंतीला पाय

आये,

तुझ्या नि आबांच्या पाया पडते. मी बरी हाय. फोनवर बोलताना सासूबाई शेजारीच असत्यात, म्हणून लिवते. आबा वाचून दावतील.

हितं लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगल्यात. तुझ्यासारख्याच, निळ्या. घाबरू नको. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी कर, पालेभाजी खा, जरा चालत जा. ते करते. पण घरी आल्यावर पाय वर करून पडायचं म्हणे! एका खोलीत, सासूच्या म्होरं सुनेनं? त्यापरीस मी भांडी घासत उभीच राहायची.

काल लय ठणकलं. सासूबाई देवळात गेल्यात म्हणून भिंतीला पाय लावून पडले, तर त्या दारात. मी धडपडून उठाय लागले. त्यांनी लुगडं जरा वर करून आपले पाय दावले. माझ्यापरीस जाड शिरा! मग शेजारी आडव्या झाल्या नि त्यांनीबी भिंतीला पाय लावले.

भाताची लावणी उरकली का? कंबर कशी हाय तुझी?

आबा, वाचताय न्हवं? चिखलातून आल्यावर आयेचे पाय कधी बघितलेत? आज चहा तुमी करा. तिला पडू द्या.

तुमची सविता