कलशावरचा ठिपका

अण्णा, परवा तुमच्या शिष्यासमोर माझी खूण चालली. तुमच्या सगळ्यांत मोठ्या शिष्यासमोर, जे आता ऐंशीला टेकलेत आणि घाटावर ज्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच द्यावीशी वाटली. मायेनं नव्हे, जिरवायला.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आपल्या घरात तुमची मांडणीची वही होती. कोणत्या पूजेला काय कुठं ठेवायचं त्याची चित्रं त्यात. चौकोन म्हणजे पाट, मोठा गोल म्हणजे कलश, छोटे गोल म्हणजे सुपाऱ्या. चौथीनंतर तुम्ही माझी शाळा बंद केलीत, तेव्हापासून ती वही समोर धरून मांडामांड मीच करायची. एकदा इंदूरच्या यजमानांची पूजा चालली आहे, आरती झाली आहे, मंडळी पाणी प्यायला उठली आहेत, आणि मी केर काढायला म्हणून कलश हातभर सरकवते. उत्तरपूजेच्या अक्षता अजून पडलेल्या नाहीत. अक्षता वाहून कलश जरासा हलवला की देवांना निरोप दिला असं आपल्यात धरतात. मी निरोपाआधीच हलवून मोकळी झाले. तुम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. यजमानांच्या देखत म्हणालात, "या पोरीला कलश आणि बादली सारखीच." ते मी गिळलं, चूक माझीच होती. पण वहीतला गोल तो नुसता गोल. त्यात देव कधी आले, कधी गेले, हे त्याच्याकडे बघून कोणाला कळणार? म्हणून मी पेन्सिलीनं त्या गोलावर एक ठिपका दिला आणि शेजारी लिहिलं, अक्षता पडेपर्यंत हलवू नये. तुम्ही ते पाहिलंत. "चौथी शिकलेली पोर आता शास्त्रातल्या आकृत्या सुधारणार का?" मी म्हटलं, "गोल तुमचाच आहे, अण्णा. मी वर नुसती खूण केली." तुम्ही ठिपका खोडलात, वही शिष्यांच्या हवाली केलीत, आणि मला परत तिला हात लावू दिला नाहीत.

आता मी दुर्गाघाटाला असते, माझी नात माझ्याजवळ राहते. ती घरूनच बंगळूरच्या कंपनीचं काम करते. एका संस्थानात एकाच वेळी चार खोल्यांत पूजा चालतात. कुठलं सामान कधी कुठं न्यायचं ते सांगणारा प्रोग्रॅम तिला बनवायचा होता. यांचं कामसुद्धा आधी चित्रात काढतात, चौकोन आणि रेघा, आणि मग त्यावरून प्रोग्रॅम उभा राहतो. पहिल्यांदा गुरुजींना, म्हणजे तिथलं सगळं बघणाऱ्या तुमच्या त्याच शिष्याला, दाखवला तेव्हा मशीननं सांगितलं, अकरा वाजता पहिल्या खोलीतला कलश तिसरीत न्या. पहिल्या खोलीत पूजा चालूच. गुरुजी म्हणाले, "देवाची बदली करता की काय?" आणि उठले. आठ दिवसांनी पुन्हा बघतो म्हणाले. तेव्हाही जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार आणि नात परत बंगळूरला. मग या गल्ल्यांतून माझं दूध कोण आणणार, तो प्रश्न निराळाच.

तोंड पाडून बसली होती. म्हटलं, काय झालं? "आजी, तुला नाही समजणार."

"मला कलश समजतो. तुझं मशीन कलशाला काय समजतं तेवढं सांग."

"वस्तू. हा चौकोन बघ. यात कलश पण आला, बादली पण आली, खुर्ची पण. आणि हे चौकोन हमारे नहीं हैं, दुनियाभर हेच चालतात. यांना बदलता येत नाही."

"मग बदलू नकोस. वर खूण कर. खाली लिही, आवाहन कोणाचं, कधी झालं, अक्षता पडल्या का. आणि बजाव, नाही पडल्या तर हलवायचा नाही."

"आजी, इसी को तो प्रोफाइल कहते हैं." मग मला सगळं उलगडून सांगितलं. मूळ आकृतीला धक्का न लावता आपल्या धंद्याची खूण तिच्यावर चढवायची, खुणेखाली आपले रकाने, रकान्यांना आपला नियम. चित्र काढायच्या त्या प्रोग्रॅममध्ये याची सोयच केलेली असते. म्हणजे साठ वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी मी तुमची बोलणी खाल्ली, त्याचा हिला पगार मिळतो.

चार दिवस आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आधी तिनं सरसकट सगळ्या कलशांना बंदी घातली, मग कपाटातले कलशही जागचे हलेनात. मी झापलं. "आवाहन होईपर्यंत तो तांब्याच आहे, खुशाल हलव." तिनं नियम सुधारला.

परवा गुरुजी आले. मुद्दामच म्हणाले, "पूजा चालू आहे. आता हा कलश तिसऱ्या खोलीत न्या बघू." नातीनं चित्रात रेघ ओढली. चौकोन लाल झाला आणि खाली मराठीत अक्षरं आली, अक्षता पडेपर्यंत हलवू नये. त्यांनी दोनदा वाचलं. मग अक्षता पडल्या असं रकान्यात भरायला लावलं. लाल गेलं, कलश निघाला.

"ताई, हे कुठल्या ग्रंथातलं?"

"ग्रंथातलं नाही. केर काढताना शिकले."

गुरुजी पोट धरून हसले, अण्णा. काम नातीकडेच राहिलं, आणि बाकीच्या पूजांच्या खुणा ठरवायला मी सोमवारी संस्थानात यावं असं तुमच्या शिष्यानं स्वतः सांगितलं. मी जाणार आहे. इस्त्रीचं लुगडं नेसून.

हे पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून तेवढं सांगते. त्या नियमाखाली एक रकाना होता, नियम कोणाचा. नातीनं विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं होतं, गुरुजींनी मुकाट ऐकावं म्हणून. तिनं ते घातलं. मी चष्मा लावून वाचलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग गुरुजी यायच्या आधीच काढायला लावलं आणि माझं घातलं.