साहेबांपुढचा पहिला खटला

३ सप्टेंबर
आज मोरागला लग्नाचं विचारून टाकलं! कॉलेज सोडून दोन वर्षं तिच्या बाबांकडे, मॅकआयझॅक वकिलांकडे, कारकुनी करतोय ती कुणासाठी! "बाबांना विचार," म्हणाली. विचारलं. साहेब म्हणाले, "आधी निवडणूक होऊ दे." प्रश्न टाळण्यात त्यांचा हात कोण धरणार — आठ वर्षं खासदार आहेत.

२० ऑक्टोबर
सभा. साहेब दीड तास बंदराच्या धक्क्याबद्दल बोलले. धक्का अजून झालेला नाही, भाषण मात्र दर निवडणुकीला लांबतंय. मागून विरोधी टोरी पक्षाचा अँगस बीटन ओरडला, "अहो मॅकआयझॅक, धक्का कुठंय?"
प्रश्न रास्त होता. तरी त्याच्या नाकावर ठोसा लगावला.
मोराग कडाडली, "मेल्या, त्याच्या चुलतभावांची दहा मतं बाबांना मिळणार होती!"

२७ ऑक्टोबर
साहेब पडले. नऊ मतांनी.
मोराग बोलत नाही.

१२ जानेवारी
सरकार मात्र आपल्याच लिबरल पक्षाचं. पडलेल्या माणसाला कुठंतरी बसवायला नको का? साहेब जिल्हा न्यायाधीश झाले! फीऐवजी खारवलेला कॉड मासा घेणारा आमचा वकील, आता झग्यात!
दारावरची पाटी उतरवताना म्हणाले, "हेक्टर, आजपासून मला पक्ष नाही."
"आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?"
"न्यायाधीशानं घाईनं मत देऊ नये."
धन्य!

२ फेब्रुवारी
बीटनच्या नाकाचा खटला लागलाय — साहेबांच्याच कोर्टात, पहिलाच! आपण कुणाचे नाही हे दाखवायला ते मलाच आत टाकणार, असं लोक गावभर बोलतायत. खुद्द बीटन दुकानात हळहळला, "बिचारा रे तू!"

७ फेब्रुवारी
चर्चबाहेर मोराग थांबली होती. साडेतीन महिन्यांनी!
"मारलं म्हणून कबूल करशील?"
"करीन."
"पळवाट नाही ना काढणार? घरात एक राजकारणी पुरे झाला."
"नाही."
"बरं." माझा मफलर घट्ट आवळला आणि निघून गेली. गळा दाबायचा होता की काय, कळलं नाही.

९ फेब्रुवारी
साहेबांनी माझं नाव वाचलं. चष्मा काढून पुसला. "हा खटला मला चालवता येणार नाही. आरोपी माझा होणारा जावई आहे."
मलाही तिथंच कळलं!
आता दुसरे न्यायाधीश येणार. जुने टोरी आहेत म्हणे — असोत!