वरून घेतलेला निरोप

बाबा, मला किळस आली आहे आणि ती ऐकवायला आता आईही उरली नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ड्रोन म्हणजे काय, हेच आधी सांगायला हवं. चार पंख्यांचं, गांधीलमाशीसारखं घोंघावणारं यंत्र, पोटाशी कॅमेरा. तुमच्या धाकट्या लेकाने ते विकत घेतलंय. परवा आईच्या अस्थी नदीत सोडताना त्याने ते आमच्या डोक्यावर उडवलं.

तुमच्या पतंगाचं त्याला काही आठवत नाही. बर्मिंगहॅमची ती बाग, तुम्हाला हॉस्पिटलच्या कामातून सुट्टी, आणि चादरीएवढा पतंग. "विमानं नव्हती तेव्हा लोक बलूनमधून फोटो काढायचे. मग कोणीतरी पतंगाला कॅमेरा बांधला. आता बटण दाबायला वर कोण जाणार? म्हणून जळती वात लावली," असं तुम्ही सांगताय आणि वातीऐवजी देवघरातली उदबत्ती बांधताय. ती जळत रबरबँड ताणून धरणाऱ्या दोऱ्याला टेकली की दोरा तुटणार, रबरबँड कॅमेऱ्याचं बटण दाबणार. "अहो, देवाची उदबत्ती? काहीतरीच काय तुमचं!" आई बाकावरून ओरडतेय. एवढा उपद्व्याप करून एक फोटो, त्यातही बाग तिरकी आणि आई म्हणजे पिवळ्या कोटाचा ठिपका. येईल त्या पाहुण्याला तुम्ही तो ठिपका दाखवायचात, "ही आमची मंडळी."

आईने जाताना एवढंच मागितलं होतं, की गाजावाजा नको, तुम्ही दोघांनी मला शांतपणे सोडा. पण "चिल, ताई, जस्ट वन एरियल शॉट. पुण्यातले लोकांना पण बघायचं आहे ना," असं म्हणून हा हातातल्या स्क्रीनकडे बघत उभा. इथे इंग्लंडात अस्थी म्हणजे बारीक करडी पूड. मी वाकून डबा कलता केला आणि त्याच क्षणी क्लोज-अप हवा म्हणून त्याने ते यंत्र खाली आणलं. पंख्यांचा वारा सुटला, आणि आई नदीऐवजी आमच्या कोटांवर, माझ्या चष्म्यावर, ओठांवर. मी थुंकले. बाबा, मी आपल्या आईला थुंकून टाकलं. आणि हा म्हणतो, "डोंट वरी, तेवढं एडिट करतो."

केलंनही. पूड उडाली तेवढा भाग कापला, खाली बासरी घातली आणि व्हिडिओ पुण्याला पाठवला. पुढच्या दृश्यात मी दोन्ही हात वर करून किंचाळतेय, "ने ते! दूर ने ते!" पण ड्रोनला नुसतं दिसतं, ऐकू येत नाही. काल मावशीचा फोन आला. रडत होती. "दोन्ही हात हलवून किती छान निरोप दिलास गं तिला," म्हणाली.

मी "हो" म्हटलं. निरोप द्यायचा राहूनच गेला, हे तिला सांगवलं नाही, आणि हे पत्र तर कुठे धाडायचंच नाहीये.