सुपारीला ओवाळ

चिरंजीव सौभाग्यवती सगुणेस, मुंबई मुक्कामी,
पुण्याहून मोरोबादादाचे भरभरून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. सदाशिव पेठेत आप्पासाहेब सरदारांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. दिवाळीचे अभ्यंगस्नानही त्यांच्याच वाड्यात झाले. भाऊबीजेसाठी घरी येण्याची रजा मागितली, तर म्हणाले, "पंतोजी, भाऊबीज दरवर्षी येते. इंग्रजांची पलटण दरवर्षी येत नाही."

पेशव्यांची इंग्रजांशी लढाई जुंपली आहे, म्हणून आता माझ्या सोबतीला एक शिपाई दिला आहे. अंगणात गेलो तरी मागे येतो. इंग्रजांच्या मुंबईतून आलेल्या माणसाला इथे फार जपतात!

आईचा खोकला कसा आहे?

पाटावर माझ्या नावाची सुपारी ठेव, तिला ओवाळ. चंद्राला मात्र ओवाळू नकोस, सगुणे. ज्यांना भाऊ नसतो, त्या चंद्राला ओवाळतात. तुला आहे.

मोरोबादादा